गिरमिट

सिव्हिलच्या सतरा नंबरच्या खोलीबाहेर
बाबांनी मला बजावलं,
तू बोल. मी कानडीत तोंड उघडणार नाही.

चाळीस वर्षं याच माणसानं
गोकाकच्या बाजारात गाडीची चाकं विकली,
आरे, तुंबा, धाव, सगळ्याचा भाव
कानडीतच ओढून ताणून जमवला.
पण बाजार वेगळा, सरकारी टेबल वेगळं.
एकदा एका कारकुनानं मराठीतला अर्ज
न वाचताच बोटानं परत सरकवला होता.
तेव्हापासून अशा टेबलासमोर
त्यांची कानडी घशातच बसते,
ओल्या लाकडात रुतलेल्या करवतीसारखी.

केसपेपरवर कानडी अक्षरांत निंगाप्पा सुतार,
गाव बेळगुंदी, वय अंदाजे.
डॉक्टर पोरगेलासा. बिल्ल्यावर मौनेश बडिगेर.

"एन आगेत्री?"
विचारलं बाबांना, पाहिलं माझ्याकडे.
बाबांनी उत्तर दिलं भिंतीवरच्या तक्त्याला,
"पोटात गिरमिट फिरवल्यागत दुखूलालंय."

मी ते वाक्य शाळेतल्या तिसऱ्या भाषेत
जमेल तसं बसवलं,
गिरमिट तेवढं होतं तसंच ठेवलं.
अवजारांची नावं पुस्तकात नव्हती.

डॉक्टर हसला.
त्याच्या गावी गिरमिट म्हणजे परतलेले चुरमुरे,
वर कांदा, शेव, बाजूला मिरचीची भजी.
"होरग तिंद्रेन?" बाहेर खाल्लं का, म्हणाला
आणि पित्ताची गोळी लिहायला घेतली.

कधीपासून?
बाबा म्हणाले, "हिची आई गेल्यापासून."
मी सांगितलं, सहा महिने.
झोप?
"रातचं उठून लाकडांत जाऊन बसतो. दिवा लावत नाही."
मी सांगितलं, थोडी कमी.
वाटलं, एवढं सगळं कशाला परक्यापुढं.
कोण परकं ते मीच ठरवत होते,
स्टुलाच्या कडेवर बसून.

"काय लिवूलालाय तो?"
"पित्ताचं."
तसे बाबा उठले.
डावा तळवा पोटावर दाबून धरला,
उजव्या मुठीनं हवेतली मूठ फिरवायला लागले,
सावकाश, खांद्याचं वजन टाकत, थांबत, पुन्हा.
आणि शेवटी सवयीनं
स्वतःच्याच पोटावर फुंकर मारली,
भुसा उडवायला मारतात तशी.

पेन थांबलं.
"बैरिगे?" डॉक्टर म्हणाला.
मग माझ्याकडे न बघताच,
"नम्मप्पनू बडिग्यारी."
त्याचा बाप बैलहोंगलला दारं-चौकटी करायचा,
फळीचं दुसरं टोक धरायला हा.
अंगठ्यावरचा पांढरा वण त्यानं पुढं केला.
"पटाशी?" बाबांनी विचारलं मराठीत.
"उळी," तो म्हणाला कानडीत.
दोघांनी मान हलवली.

आणि बाबांची कानडी आली.
बाजारची, आदराचे प्रत्यय गाळलेली,
मध्येच एक शिवी, मध्येच धाप.
गिरमिट कुठून शिरतं, पाठीत कुठं निघतं
ते त्यांनी सदरा वर करून दाखवलं.
मला निम्मं कळत होतं, निम्मं निसटत होतं.
आईचं नाव आलं. माझं आलं नाही.
मग एक शब्द पक्का कळला,
रगत.
तो दोन्हीकडे सारखाच.

चार महिने त्यांचे कपडे मी धुते आहे.
नाही, त्यांचा धोतराचा पिळा
हल्ली ते स्वतःच धुतात,
आणि मला ते कौतुकाचं वाटलं होतं.

डॉक्टरनं गोळी खोडली.
दुसऱ्या कागदावर बरंच काही लिहिलं,
खाली दोनदा रेघ ओढली,
आणि माझ्याशी बोलायला तोंड उघडलं
तेव्हा बाबांनी हात आडवा केला. तो गप्प बसला.

बाहेर जिन्यावर मी विचारलं,
काय सांगितलं त्यांना?

बाबांनी कागदाची बारीक घडी घातली,
कानावर पेन्सिल ठेवायच्या जागी बोट फिरवलं.
"काय न्हाई," म्हणाले.
"भाईर गिरमिट खाल्लं म्हणून सांगितलं."